पुळणीतले सोने

इंग्लंडच्या किनाऱ्यावर ब्लॅकपूल, बोर्नमथ यांसारखी जी उन्हाळी सहलीची गावे आहेत, तेथे ओहोटीच्या वेळी सकाळी लवकर गेले असता, कानांवर हेडफोन चढवलेला आणि हातातील दांड्याच्या टोकाची ताटलीएवढी चकती वाळूच्या अगदी लगत, परंतु वाळूला टेकू न देता, या बाजूकडून त्या बाजूकडे संथपणे फिरवीत चाललेला एखादा इसम बहुधा दृष्टीस पडतो. त्याची चाल सहल करणाऱ्याची नसते. नांगरणारा शेतकरी तास धरतो तसा तो सरळ रेषेत जातो, वळतो आणि मघाच्या रेषेला लागूनच परत येतो. कानात सूर उमटला की तो थबकतो, चकती त्या जागेवर आडवी आणि मग उभी फिरवून नेमका बिंदू हेरतो, भोकाभोकांच्या पोलादी फावड्याने वाळू उपसून हलवतो. वाळू गळून जाते व तळाशी उरते ते बहुतेक वेळा बाटलीचे बूच, पेयाच्या डब्याची ओढून काढलेली कडी, गंजका खिळा किंवा एखादे नाणे. क्वचित् मात्र तेथे अंगठी असते. आणि ती असते तेव्हा, त्या माणसाला ठाऊक असो वा नसो, धर्मशास्त्रातला एक अत्यंत जुना आणि अजूनही पुरता न सुटलेला कज्जा त्याच्या तळहातावर येऊन पडलेला असतो. ही वस्तू कोणाची?

अंगठ्या समुद्रात हरवतात यात दैवाचा भाग थोडा आणि पदार्थविज्ञानाचा फार. थंड पाण्यात बोटे आकसतात, उन्हापासून बचाव म्हणून चोळलेल्या मलमाने ती निसरडी होतात, आणि लाटेत हात मारताना अंगठी केव्हा निसटली हे मालकाला किनाऱ्यावर येऊन अंग पुसू लागेपर्यंत कळतही नाही. शुद्ध सोने पाण्याच्या १९ पटींहून अधिक जड; दागिन्याचे सोने मिश्रणामुळे त्याहून हलके असले तरी वाळूच्या कणापेक्षा कितीतरी भारी. त्यामुळे लाटांनी ढवळलेल्या वाळूतून ते हळूहळू खाली उतरते आणि शिंपल्यांच्या किंवा चिकणमातीच्या कठीण थरावर जाऊन थांबते. पुढे एखादे वादळ वरची वाळू ओढून नेते, तेव्हा निरनिराळ्या वर्षी निरनिराळ्या माणसांनी गमावलेली जड चीजवस्तू एकाच खळग्यात जमलेली सापडते. म्हणून वादळानंतरची सकाळ या शोधकमंडळींना विशेष प्रिय.

आता या यंत्राविषयी. बाजारात त्याची विक्री ‘सोने शोधणारे यंत्र’ अशा नावाने होते, आणि घेणाऱ्याची समजूतही तशीच असते. परंतु सोने म्हणून जे काही आहे त्याची या यंत्राला लवमात्र ओळख नसते. चकतीतील तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्याच्या अंगात सूक्ष्म भोवरे-प्रवाह फिरू लागतात. आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे जे क्षीण क्षेत्र, ते दुसरे वेटोळे टिपते. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली अमेरिकेचे घायाळ अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्यासाठी याच तत्त्वावरचे उपकरण त्यांच्या बिछान्याशी नेले होते, व गादीतल्या धातूच्या तारांनीच त्याला चकविले, अशी हकीकत सांगतात. तेव्हापासून आजतागायत यंत्र पुष्कळ सुधारले, खाऱ्या ओल्या वाळूचा खोटा गलबला वेगळा काढण्यास शिकले. पण त्याला कळते ती वस्तूची विद्युद्वाहकता आणि तिचा आकार, एवढेच. सोन्याची लहान अंगठी आणि ॲल्युमिनियमची फेकून दिलेली कडी यांचा सूर जवळजवळ एकच उमटतो, आणि जो कड्यांना कंटाळून तो सूर वगळू लागतो तो अंगठ्यांनाही मुकतो. याहून मार्मिक गोष्ट अशी की, अखंड वळ्याच्या अंगठीत प्रवाह पूर्ण वर्तुळाने फिरत असल्यामुळे तिचा आवाज स्वच्छ येतो. तीच अंगठी तुटलेली असली तर तो क्षीण होतो. आणि अंगठीपेक्षा वजनाने दुप्पट असलेली बारीक कड्यांची साखळी कित्येकदा यंत्राला मुळीच ऐकू येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तेथे साखळी नसते, एकेक नगण्य कडी असते.

ही गोष्ट मी मुद्दाम विस्ताराने सांगितली. सुवर्ण आणि अलंकार यांचा दृष्टान्त आपल्या वेदान्तात इतका रूढ आहे, की कुंडल, कंकण, अंगठी ही केवळ नामरूपे असून खरे ते सोने, हे ऐकताना आपण मान डोलावण्यापलीकडे काही करीत नाही. वैशेषिकांनी तर सोन्याला पृथ्वीतही न घालता तेजात घातले; अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात तेजाच्या चार प्रकारांपैकी खाणीत उत्पन्न होणारे तेज म्हणजे सुवर्णादी असे सांगितले आहे, आणि त्याला आधार हा की कितीही तापविले तरी वितळलेल्या सोन्याचे द्रवत्व नाहीसे होत नाही. आजचे रसायनशास्त्र हा युक्तिवाद हसून बाजूला ठेवील, आणि ते योग्यही होईल. पण पुळणीवरचे हे यंत्र मात्र या दोन्ही दर्शनांच्या उलट बाजूला उभे आहे. ते द्रव्यापेक्षा रूपाला अधिक ओळखते. आणि विचारान्ती असे दिसते की, जिची अंगठी हरवली ती स्त्रीही याच बाजूला उभी असते. तिच्यापुढे त्याच वजनाचे, त्याच कसाचे सोने आणून ठेवले तर तिचे समाधान होणार नाही. तिला आतल्या बाजूस दोन नावे व एक तारीख कोरलेली, एका कडेला किंचित् चेपलेली तीच अंगठी हवी असते. वेदान्ताचा दृष्टान्त सोनाराच्या तराजूत खरा ठरतो, हरवणाऱ्याच्या अंतःकरणात तो ठरत नाही.

पाण्यात हरवलेल्या अंगठीची आपल्या वाङ्मयातील सर्वांत प्रख्यात कथा कालिदासाची. शकुंतलेच्या बोटातून शचीतीर्थाच्या पाण्यात गळलेली अंगठी माशाच्या पोटी जाते, मासा कोळ्याच्या जाळ्यात सापडतो, आणि ती विकू पाहणारा कोळी राजाच्या शिपायांच्या तावडीत. सहाव्या अंकाच्या आरंभीचा तो प्रवेश पुन्हा एकदा सावकाश वाचावा. कोळ्याच्या हाती जे लागले ते त्याच्या मते विक्रीयोग्य सोने; शिपायांच्या मते तो चोरीचा मुद्देमाल, आणि आरोपीला मारण्यासाठी त्यांचे हात शिवशिवत असतात; राजाच्या मते ती गेलेली स्मृती. एकाच वस्तूची तीन मूल्ये, आणि तिन्ही खरी. राजा कोळ्याला अंगठीच्या किमतीइतके पारितोषिक देतो, कोळी त्यातला अर्धा भाग शिपायांना देऊ करतो, आणि मघाशी त्याचा जीव घेऊ पाहणारी मंडळी त्याला मित्र म्हणून मद्याच्या गुत्त्याकडे घेऊन जातात. (कोतवालीच्या या चित्रात पुढच्या शतकांनी फारशी दुरुस्ती सुचविलेली नाही.) कोळ्यावर मात्र आपण उगाच रागावू नये. अंगठीवर राजाचे नाव कोरलेले होते, आणि ते त्याला वाचता येत होते असे कालिदास कोठेही म्हणत नाही.

अशा प्रसंगी धर्म काय सांगतो असे एखाद्या सत्प्रवृत्त मराठी माणसाला विचारले, तर तो बहुधा संतांकडे बोट दाखवील. गीतेतला समलोष्टाश्मकांचन पुरुष त्याला आठवेल. पंढरीच्या राका आणि बाका या दांपत्याची गोष्ट आठवेल, ज्यात वाटेत पडलेल्या सोन्यावर पत्नीचे मन जाऊ नये म्हणून पती माती लोटू लागतो आणि पत्नी त्यालाच विचारते की, मातीवर माती का घालता. रामकृष्ण परमहंसांनी एका हातात रुपया व एका हातात माती घेऊन दोन्ही गंगेत टाकल्याचेही तो सांगेल. या कथांविषयी माझ्या मनात आदर आहे; परंतु पुळणीवरच्या प्रश्नाला त्यांचे उत्तर पुरत नाही, असे मला स्पष्ट म्हटले पाहिजे. राकाबाकांच्या गोष्टीत ते सोने देवाने परीक्षेसाठी ठेवलेले असते, म्हणून ते कोणाचेच नसते, आणि परमहंसांनी टाकला तो रुपया त्यांच्या स्वतःच्या हातातला. परंतु ज्या अंगठीला मालक आहे ती मला मातीसमान वाटली म्हणून मी तिच्यावर माती लोटून पुढे गेलो, तर माझा लोभ सुटला हे खरे, पण तिकडे जो कोणी तिच्यासाठी झुरतो आहे त्याचे मी काय केले? सापडलेल्याविषयीचे वैराग्य ही शोधणाऱ्याच्या आत्म्याची सोय आहे. हरवणाऱ्याला त्यातून काहीही मिळत नाही, आणि धर्म जर दोन माणसांमधला असेल तर त्याने या दुसऱ्या माणसाची दखल घेतली पाहिजे.

ती दखल संतांनी नव्हे, तर आपण ज्यांना शुष्क व्यवहारवादी म्हणून दप्तरात बांधून ठेवले त्या स्मृतिकारांनी घेतली आहे. गौतमाने आपल्या धर्मसूत्रात स्वामित्वाची जी साधने सांगितली त्यांत वारसा, खरेदी, वाटणी यांच्याबरोबर अधिगम, म्हणजे सापडणे, हेही एक साधन सांगितले; परंतु तेथेच, ज्याचा मालक कळत नाही अशी वस्तू सापडली तर ती राजाला कळवावी, राजाने तिची दवंडी पिटवावी आणि एक वर्षपर्यंत ती जतन करावी, त्यानंतर चौथा हिस्सा सापडणाऱ्याला व बाकी राजाला, असेही सांगितले. मनूने ही मुदत तीन वर्षांची केली. मालकी सांगत येणाऱ्याने वस्तूचे रूप, संख्या इत्यादी खुणा अगोदर सांगाव्या, खोटा दावा करणाऱ्यास त्या वस्तूच्या मोलाइतका दंड करावा, आणि राखणीबद्दल राजाने सहावा, दहावा किंवा बारावा भाग घ्यावा, इतका बारकावा त्याने ठेवला आहे. (पुरलेल्या निधीच्या बाबतीत विद्वान ब्राह्मणाला सर्वच घेण्याची जी मुभा त्याने दिली ती आज कोणी आग्रहाने सांगू नये; तेथे शास्त्रकाराचा हात स्वतःच्याच ताटाकडे वळलेला दिसतो.) कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यात मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर तर याच्याही पुढे जातो. तीन वर्षांनंतर राजाने ते द्रव्य घ्यावे याचा अर्थ, मालक आला नाही तर खर्च करण्यास मोकळीक, इतकाच तो करतो. आणि खर्च झाल्यावर मालक उगवला, तर राजाने आपला अंश वजा करून तेवढे द्रव्य त्याला दिले पाहिजे असे ठरवतो. म्हणजे सरकारजमा झाली तरी मालकी संपत नाही.

यहुदी धर्मशास्त्रात हाच प्रश्न निराळ्या आणि फार सूक्ष्म वाटेने गेला आहे. ताल्मूदच्या ‘बाबा मेत्सिया’ या प्रकरणात कोणत्या सापडलेल्या वस्तू सापडणाऱ्याच्या आणि कोणत्यांची जाहीर पुकार करावी याचा दीर्घ वाद आहे. विखुरलेली नाणी सापडणाऱ्याची, कारण त्यांवर ओळखीची खूण नाही. खूण असलेली वस्तू पुकारायची. पण समुद्राच्या लाटांतून किंवा नदीच्या पुरातून जे काढले, ते खूण असली तरी काढणाऱ्याचे, कारण तेथे मालकाने आशा सोडलेली असते. मुसलमानी धर्मशास्त्रात सापडलेल्या वस्तूची वर्षभर पुकार करावी असा सर्वसाधारण नियम आहे. रोमन कायद्याने समुद्रकिनारा सर्वांचा मानला आणि तेथे सापडणारे खडे व रत्ने सापडणाऱ्याची ठरवली. पण वादळात जहाज हलके करण्यासाठी समुद्रात टाकलेला माल मात्र टाकणाऱ्याचाच राहतो असे जस्टिनियनच्या ग्रंथात म्हटले आहे, कारण तो त्याने टाकून दिलेला नसून नाइलाजाने सोडलेला असतो. आपल्याकडे अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून बेने इस्रायल समाज झाला, अशी त्यांची परंपरा आहे, आणि धर्मग्रंथांसकट सारे समुद्रात गेले असे ते सांगतात. सर्वस्व समुद्राने नेले, तरी शनिवारचा विसावा त्यांनी इतका कसोशीने पाळला की तेल गाळण्याच्या धंद्यावरून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. ज्याला समुद्राने नेले त्याची आशा मालक सोडतोच, या ताल्मूदी गृहीताला हा एक समाजच्या समाज अपवाद म्हणावा लागेल.

माझा मतभेद येथेच आहे. आशा सोडणे म्हणजे त्याग नव्हे. नारळी पौर्णिमेला आमचे कोळी बांधव सोन्याने मढवलेला नारळ समुद्राला अर्पण करतात, तेव्हा तेथे संकल्प असतो, देणारा असतो, घेणारा सागर असतो. तो नारळ उद्या लाटेने किनाऱ्यावर टाकला तर कोणी त्यावर मालकी सांगायला येणार नाही. यज्ञात आहुती देताना यजमान ‘न मम’ म्हणतो आणि ती वस्तू खरोखर त्याची राहत नाही. अंगठी गमावलेल्या माणसाने हे दोन शब्द कधी उच्चारलेले नसतात. तो दोन दिवस पुळणीवर वाकून हिंडतो, गुडघाभर पाण्यात पायाच्या बोटांनी वाळू चाचपतो, मग सुटी संपते आणि आगगाडी गाठावी लागते. त्याचे हताश होणे हे त्याचे दुर्दैव आहे, त्याने करून दिलेले दानपत्र नव्हे. आणि दुसऱ्याच्या हताशपणातून आपला हक्क उत्पन्न होतो असे मानणे, कायद्याला सोयीचे असले तरी, धर्माला शोभण्यासारखे नाही.

कायद्याचे म्हणाल, तर त्याने या प्रश्नात हरवणाऱ्यापेक्षा जमिनीकडे अधिक पाहिले. इंग्लंडात लिचफील्डच्या तळ्यातला गाळ उपसताना एका मजुराला सोन्याच्या दोन अंगठ्या सापडल्या. १८९६ मध्ये न्यायालयाने त्या तळ्याच्या मालकीण कंपनीला दिल्या. १९८२ मध्ये विमानतळाच्या विश्रामकक्षात जमिनीवर पडलेले सोन्याचे ब्रेसलेट सापडणाऱ्याचे ठरले, आणि १९९५ मध्ये फार्नमच्या सार्वजनिक उद्यानात धातुशोधक यंत्राने जमिनीखालून काढलेला मध्ययुगीन सोन्याचा ब्रोच नगरपालिकेचा ठरला. वर पडलेले एकाचे, आत रुतलेले दुसऱ्याचे, असा हा भेद. पुळणीवर, जेथे एका भरतीत वरचे आत आणि आतले वर होते, तेथे तो कसा लावावा हे न्यायमूर्तींनीच सांगावे. आपल्याकडील १८७८ च्या निधीविषयक कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास कलेक्टरला वर्दी देण्याचे बंधन घातले, आणि कलेक्टरने जाहीरनामा काढून हक्कदारांना चार ते सहा महिन्यांच्या अंतराने हजर होण्याची तारीख द्यावी असे ठरविले. गौतमाची दवंडीच ती, फक्त तिला कचेरीचा शिक्का बसला. १८७२ च्या कराराच्या कायद्याने तर सापडणाऱ्याला थेट ठेवदाराच्या जागी बसवले आहे. तो वस्तू सांभाळतो, तिच्यावर केलेल्या खर्चासाठी ती अडवून ठेवू शकतो, मालकाने बक्षीस जाहीर केले असेल तर त्यासाठी फिर्यादही करू शकतो, पण मालक होत नाही. या कलमांचा मजकूर मला कित्येक प्रवचनांपेक्षा अधिक धार्मिक वाटतो.

शोधणाऱ्याच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हटलेच पाहिजे. तो नसता तर ती अंगठी त्या थरावर तशीच पडून राहिली असती. थंडीवाऱ्यात वाकून घालवलेल्या त्याच्या सकाळी, त्याची कड्याबुचांची पोतडी, हे श्रम खरे आहेत. पुष्कळ शोधक तर हरवल्याची खबर मिळताच भरती येण्यापूर्वी धावत जाऊन परक्याची अंगठी मोफत शोधून देतात. श्रमाला मोबदला असावाच. मनूने राजाला राखणीबद्दल जसा हिस्सा दिला तसा त्यालाही कोणी नाकारू नये. परंतु मोबदला आणि वस्तू या दोन गोष्टी आहेत. मुंबईच्या झवेरी बाजारात सोनारांच्या पेढ्यांसमोरची धूळ गोळा करून, धुऊन, तीतले सोन्याचे कण काढणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या हा उद्योग करीत आले. त्यांना ‘हे कोणाचे’ असे कोणी विचारीत नाही, आणि विचारण्याचे कारणही नाही. कणाला रूप नाही, म्हणून त्याला ओळखणारा नाही, म्हणून त्याला मालक नाही. नाण्याचेही जवळपास तेच. रस्त्यात सापडलेला, कोणाचा हे न कळणारा रुपया उचलला तर गुन्हा नाही, असे उदाहरण मेकॉलेच्या दंडसंहितेतही होते. स्मृतिकार, ताल्मूद आणि दंडसंहिता या तिघांनी परस्परांना न विचारता खुणेवर बोट ठेवले, याचे मला नवल वाटत नाही. सोने कोणाचेच नसते; अंगठी कोणाची तरी असते.

म्हणून, वाचकांपैकी कोणी हे यंत्र घेऊन आपल्या किनाऱ्यावर उतरणार असेल, तर त्याला माझी एवढीच विनंती आहे. (रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोहयुक्त खनिजे असल्यामुळे यंत्र तेथे बरेच कुरकुरेल, हे आधीच सांगून ठेवतो.) अंगठी सापडली तर सापडल्याचे जाहीर करावे, चौकीत वर्दी द्यावी व पावती घ्यावी; पण आत कोरलेले नाव, चेपलेली कड, यांपैकी एखादी खूण स्वतःजवळ राखून ठेवावी, म्हणजे येणाऱ्याला ती सांगता येते का ते पाहता येईल. मालक आलाच तर त्याने दिलेले बक्षीस संकोच न करता घ्यावे. आणि तोवर ती सोनाराकडे वितळवण्यास कदापि नेऊ नये. विज्ञानेश्वराने खर्च झालेले द्रव्य तेवढ्याच द्रव्याने फेडण्याची वाट ठेवली आहे, पण मुशीत गेलेल्या अंगठीची फेड कोणत्याही द्रव्याने होत नाही, आणि यंत्राला जी ऐकू आली होती ती वस्तू मग या जगात कोठेही उरलेली नसते. एक वर्ष थांबणे जड वाटले, तर गौतमाने राजालाही तेवढेच थांबायला सांगितले होते, हे ध्यानात असावे.